कांद्याच्या काट्यावर उतरलेलं वजन

ज्या वर्षी अख्ख्या आळे गावात माझं कौतुक झालं, त्या वर्षी मी आतून पोखरत चालले होते. कौतुक करणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. आता तब्येत बरी आहे, शिवणाचं मशीन पुन्हा चालू आहे. ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका अजूनही विचारतात, “काकू, त्या वर्षी तुमी एवढ्या बारीक कशा झाल्या व्हत्या? आमाला बी सांगा की.” दरवेळी उभ्या उभ्या सांगून माझं तोंड दुखतं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. ज्याला उपयोग होईल त्यानं घ्यावं, बाकीच्यांनी मला आगाऊ म्हणावं.

मी आणि माझं अंग

माझं माहेर तळेघरच्या वरच्या अंगाला. भात आणि नाचणी पिकवायची, तेच खायचं. एसटी दिवसातून कधीतरी, ती चुकली की पायी. तिकडे कोणी “जरा चालून येते” म्हणालं तर माझी आई विचारायची, “कशाला गं? काय राह्यलं का तिकडं?” उगाच चालणं हा प्रकारच तिला माहीत नव्हता.

लग्न होऊन आळ्याला आले, मुलगा झाला, आणि मग पायमशीनवर बसले ती बसलेच. अंग भरलं. त्याचं मी काही दुःख करत बसले नाही. ब्लाउज शिवताना शिवणीच्या आत थोडं जादा कापड सोडावं लागतं, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. कारण कुठलीही बाई वर्षभर एका मापाची राहत नाही. सुगीत उतरते, बाळंतपणात भरते, लेकीच्या लग्नाच्या धावपळीत परत उतरते. टेप हातात धरून एवढी वर्षं मी हे बघत आलेय. पण ते झालं दुसऱ्यांचं. स्वतःची वेळ आली तेव्हा लोकांनी सांगितलेलंच खरं वाटायला लागलं.

आणि सांगणारे काय कमी होते! गुडघा दुखला, “वजन कमी करा.” ताप आला, “वजनामुळं अंगात ताकद न्हाई.” एकदा माझी दाढ ठणकत होती, तर शेजारीण म्हणाली, “वजन जास्त असलं की असंच व्हतं बघा.” मी म्हटलं, “अगं बाई, मी काय दाढेवर उभी राहते का?”

त्यात आमचे हे हायस्कूलला पीटीचे शिक्षक. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणते. माणूस सरळ, निर्व्यसनी, शाळेतल्या पोरांसाठी जीव टाकणारा. पण त्यांचं ठाम मत असं, की जगातला प्रत्येक आजार आळसातून येतो आणि मैदानाला फेऱ्या मारल्या की जातो. लोक त्यांना चिडवायचे, “सर, घरचं मैदान सोडून गावाला शिकवता व्हय?” ते हसण्यावारी न्यायचे, पण त्यांना ते लागायचं. घरी आले की माझ्या ताटाकडे बघायचे.

साडीचं बारदान

दोन हजार सालच्या आगेमागे टीव्हीवर सकाळी सकाळी पोट आत घेणारे लोक दिसायला लागले आणि गावात व्यायामाचं वारं शिरलं. सरांनी बायकांचा चालायचा गट काढला. अंगावर साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला स्कार्फ, आणि फाट्याच्या रस्त्यानं आमची वरात. ट्रकवाले हॉर्न वाजवायचे. आम्ही हसून बेजार व्हायचो. ते दिवस मजेचे होते, खोटं कशाला बोलू.

वजन करायला आळेफाट्यावर माझ्या चुलतदिरांचा कांद्याचा गाळा होता. लिलाव नसेल त्या दिवशी सकाळी गाळा रिकामा. कांद्याची गोणी काट्यावर चढवली की रिकाम्या गोणीचं, म्हणजे बारदानाचं, वजन वजा करतात. आमच्या बायका काट्यावर चढल्या की ओरडायच्या, “भाऊजी, साडीचं बारदान वजा करा!” दीर पण असले खट, की भाव पुकारावा तसं प्रत्येकीचं वजन मोठ्यानं पुकारायचे. जिचं उतरलं तिला टाळ्या. जिचं वाढलं तिच्यासाठी सर शिट्टी फुंकायचे.

सरांनी सगळ्यांना खाण्याचे नियम घालून दिले. भात बंद. पोळी एखादी. सकाळी कोमट पाण्यात मध आणि लिंबू. संध्याकाळी नुसती फळं. पाणी भरपूर. साखर म्हणजे विष, पण गूळ आणि काकवी म्हणजे औषध. हे त्यांनी मनानं काढलेलं नव्हतं. टीव्हीवाले तेच सांगत होते, पेपरात तेच येत होतं, शेजारणी तेच म्हणत होत्या. माझी थोरली नणंद, आक्का, पारगावकडे ऊसवाल्यांच्या घरात दिलेली. ती गुऱ्हाळावरची ताजी काकवी डबा भरून पाठवायची. सोबत सरांना निरोप, “सुमनला दे, पोट साफ ऱ्हातं.” जुन्नरकडची द्राक्षं हंगामात पाटीनं यायची, ती संपली की चिकू, केळी. उपासाला साबुदाणा आणि खजूर. मी सगळं नेमानं केलं. नेम करायची मला खोडच आहे.

गोळी घ्यायची झाली तर माणूस डॉक्टरला विचारतो. मध घ्यायच्या आधी कोण विचारतं? “आधी रक्त तपासून ये” असं मला एकाही माणसानं सांगितलं नाही.

पहिले काही दिवस काटा हलला नाही आणि मी शिट्ट्या खाल्ल्या. मग मात्र वजन उतरायला लागलं आणि उतरतच गेलं. भर थंडीत, जेव्हा बाकीच्या बायका डिंकाचे लाडू चोरून खात होत्या, तेव्हाही माझं उतरत होतं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून आम्ही खुशीत.

कौतुक

तहान लागायची. तांब्यावर तांबे रिचवायचे तरी घसा कोरडा. सर म्हणायचे, “शाब्बास! पाणी पोटात गेलंच पायजे.” सारखं लघवीला उठायचे. “अंगातलं विष भाईर पडतंय.” भूक भूक व्हायची. “चरबी जळती, म्हणून.” दुपारी गळून मशीनवर डोकं टेकायचे. “एवढ्या वर्षांचा आळस हाय, जाताना तरास देणारच.” कुठलंही दुखणं सांगा, त्यांच्याकडे उत्तर तयार. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं आमचं चाललं होतं.

मी गप्प का राहिले असं पुढं मंचरच्या दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरबाईंनीही विचारलं. त्याचं कारण सांगते. आमचे सर बाजारात माझ्यापुढे चार पावलं चालायचे. लग्न झाल्यापासून तेच. वजन उतरलं तसे ते माझ्या बरोबरीनं चालायला लागले. कुणी भेटलं की थांबून म्हणायचे, “ही आमची मिसेस.” इतक्या वर्षांत कधी म्हणाले नव्हते. मला बरं वाटत नव्हतं आणि लई बरं वाटत होतं. सांगा, अशात कुणाचं तोंड उघडेल?

माहेरी गेले तेव्हा एकट्या आईनं मला बघून टाळ्या वाजवल्या नाहीत. दारातच उभी राहिली. “काय गं, सासरी खायला देत न्हाईत का तुला?” सर मोठ्यानं हसले. “मामी, हिला फिट केलीय आता!” आईनं माझं मनगट धरून बघितलं आणि आत जाऊन चूल पेटवली. मीसुद्धा मनात म्हटलं, आईला काय कळतंय.

शाळेच्या संमेलनात तर कहर झाला. सरांनी स्टेजवर माझा जुना स्वेटर दोन्ही हातांनी ताणून धरला आणि माईकवर म्हणाले, “यात आता दोन सुमन बसतील!” मांडवभर टाळ्या. मी हसत उभी होते. उजव्या पायाचा अंगठा बुटात ठणकत होता, जीभ टाळ्याला चिकटली होती, आणि माझं सगळं लक्ष पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या जगकडे होतं.

दोरा ओवता येईना

अंगठ्याला बूट चावून फोड आला होता. तो फुटला, पण भरेना. मी सरांना दाखवलं. ते म्हणाले, “नवे बूट हायेत, पाय रुळला की बसंल.” हळद लावली, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी लावलं. दुखायचा थांबला तेव्हा मला वाटलं बरा होतोय. पुढं कळलं की न दुखणं हेच वाईट होतं, पायाची जाणीवच चालली होती.

मग एके सकाळी सुईत दोरा ओवता येईना. दोरा दिसतोय, सुई दिसतेय, पण नेढं काही दिसत नाही. डोळे चोळले, उन्हात जाऊन बसले, काही फरक नाही. त्याच दिवशी एका बाईच्या ब्लाउजला मी डावी बाही उजवीकडे जोडली. पोरीसोरीसुद्धा अशी चूक करत नाहीत. मशीनवर बसल्या बसल्या मला रडू कोसळलं. वजन उतरलं, कौतुक झालं, आणि हातातली कला चालली कुठं? संध्याकाळी सरांना म्हटलं, “मला मंचरला न्या. तुमची शिट्टी उद्या ऱ्हाऊ दे.”

मंचर

डॉक्टरबाई वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “एवढं वजन कशानं उतरलं?”

सर खुर्चीत पुढे सरकले. “मॅडम, मीच उतरवलं. चालणं, डाएट, शिस्त. लई मेहनत घेतली हिच्यावर.”

बाईंनी मला बूट काढायला सांगितला. मोजा जखमेला चिकटला होता. तो त्यांनी पाणी सोडून सोडून काढला, आणि आतलं बघून मीच तोंड फिरवलं. बोटाला सुई टोचून त्यांनी यंत्रात रक्त तपासलं. आकडा त्यांनी मोठ्यानं वाचला नाही. सरांकडे वळून शांतपणे म्हणाल्या, “सर, वजन तुम्ही नाही उतरवलं. यांना साखरेचा आजार आहे, बऱ्याच दिवसांचा. खाल्लेलं अंगाला लागतच नव्हतं, म्हणून शरीर स्वतःलाच खात होतं.”



“मध, काकवी चालू आहे अजून?”

“आज सकाळी बी घेतलं,” मी म्हटलं. सरांनी गळ्यातली शिट्टी शर्टाच्या आत टाकली.

मी विचारलं, “पायाचं काय?” बाई म्हणाल्या, “अंगठा वाचवायचा प्रयत्न करू. साखर आटोक्यात आली तर वाचेल. नाही आली तर मग पुढचं बोलावं लागेल.” पुढचं म्हणजे काय ते मला कळलं. माझं मशीन पायाचं. पाय गेला की मशीन गेलं, आणि मशीन गेलं की मी कोण? पीटीच्या सरांची लंगडी बायको. मरणाची भीती मला त्या दिवशी वाटली नाही. ही वाटली.

वॉर्डातले दिवस

उठल्या उठल्या बोटाला सुई, मग पोटावर इंजेक्शन, मग नाश्ता, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगची गाडी दारात वाजली की मी भिंतीकडे तोंड फिरवायचे. एक सिस्टर पट्टी सोडताना मुद्दाम मला ब्लाउजच्या गळ्यांबद्दल विचारायची. कटोरी बरी का साधा, पाठीमागं नाडी हवी का. मी सांगत बसायचे, तोवर तिचं काम उरकायचं. तिचे उपकार मी विसरणार नाही.

शेजारच्या खाटेवर भामाबाई म्हणून एक बाई होती. पारगावच्या कारखान्याला ऊसतोडीला आलेली, काडीसारखी. तिलाही साखरच. मी उठून बसले. “तुमाला कशी झाली हो? तुमी तर जाड न्हाई, बसून न्हाई.”

“मलाच इचारता व्हय?” ती हसली. “डोक्यावर मोळ्या वाहून जल्म गेला, अजून कंचा व्यायाम करू? सगळी मला म्हनत्यात, साखर शिरमंताला व्हती, तुला कशी? म्हंजी आजारी पडायला बी ऐपत लागती का काय?”

आम्ही दोघी खूप हसलो. पण मला रात्रंदिवस जे खात होतं, की जाडपणाची शिक्षा म्हणून हे झालं, ते तिच्याशी बोलता बोलता ढिलं पडलं. आजार हा आजार असतो. तो शिस्त बघून येत नाही आणि शिट्टी ऐकून जात नाही.

सर बाहेरच्या बाकड्यावर बसून असायचे. आत आले की औषधाच्या बाटल्या नीट लावायचे, परत बाहेर. मला राग होता, लई राग. एकदा मी म्हटलंच, “स्वेटर आणलाय का? आता तीन बसतील त्यात.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाच वाईट वाटलं, पण शब्द परत घेतला नाही.

आहाराच्या बाई आल्या तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, “भात बंदच आहे माझा.” त्या म्हणाल्या, “कुणी सांगितलं? एक वाटी खा की, वरण-भाजीबरोबर. बंद करायचं ते मध, काकवी, आणि पोटभर द्राक्षं.” त्या दुपारी वरणभाताचा पहिला घास घेतला आणि माझं सगळं माहेर तोंडात आलं.

अंगठा वाचला. थोडा वाकडा झाला, पण जागेवर राहिला.

घरी

घरी आल्यावर इन्शुलिन दोन वेळा. लोडशेडिंगचे दिवस, फ्रीजचा भरवसा नाही, म्हणून छोट्या माठात गार पाण्यात बाटली ठेवायची, आत पाणी जाऊ नये म्हणून पिशवीत गुंडाळून. अंगठ्याची जखम अजून ओली होती. बाईंनी बजावलं होतं, साखर परत चढली तर अंगठा हातचा जाईल.

साखर उतरली आणि खाल्लेलं अंगी लागायला लागलं. वजन वाढलं. गावात लगेच सुरू, “अगं बाई, परत भरल्या की काकू! एवढं कमावलेलं घालवलं.” ज्या बायका मला बघून चालायला लागल्या होत्या, त्याच आता हळहळत होत्या. कुचकट बोलणं नव्हतं ते, मनापासूनच बोलत होत्या, म्हणून तर जास्त लागायचं.

चालू नका, असं मी म्हणत नाही. मीसुद्धा जखम भरल्यावर चालायला लागले, अजून चालते. पण ज्यानं तुमचं रक्त, तुमचा पाय, तुमची तहान विचारली नाही, त्याचा सल्ला कितीही गोड असला तरी तो तुमच्यासाठी नसतो. आणि विनाकारण वजन उतरायला लागलं तर पेढे वाटू नका, दवाखान्यात जा. बारीक दिसणारी बाई बरी असतेच असं नाही.

गावच्या जत्रेला आक्का आली होती. दिवेलागणीची वेळ, लाईट गेलेली. स्वयंपाकघरात मी माठातून बाटली काढली तशी ती जवळ आली. “सुमन, खरं सांगू का? त्या सुयांनीच फुगली तू. लोकं माझ्या भावाला हसत्यात. जत्रंपुरती तरी सोड. एका दिसानं काय व्हतंय?”

मला सगळं माहीत होतं. अंगठ्याला पट्टी होती. तरी माझा हात थांबला. बाजारात बरोबरीनं चालणारा नवरा मला आठवला. परत चार पावलं पुढे गेला तर? एक दिवस, एकच दिवस, असं मन म्हणायला लागलं. बाटली परत माठात ठेवायला मी वाकले.

“घेतली का सुई?” सर दारात उभे होते.

आक्काच बोलली. “मीच म्हनलं ऱ्हाऊ दे आजच्या दिस. बघ की, कशी सुटलीया.”

सर आत आले. धाकटे भाऊ ते, आक्काला कधी उलटून बोललेले मी ऐकले नव्हते.

“आक्का, ही वाळत व्हती तवा मी लोकांकडनं टाळ्या घेतल्या. स्टेजवर मिरवली हिला. अजून थोडे दिस तसंच चाललं असतं, तर टाळ्या वाजवायला गाव व्हतं, पण बायको नसती. जाड दिसती ना? दिसू दे. हाय म्हणून दिसती.”

आक्कानं तोंडाला पदर लावला आणि चुलीकडे वळली.

सरांनी माझ्या हातातली बाटली घेतली, सिस्टर घोळवायची तशी दोन्ही तळहातांत घोळवली. बॅटरी माझ्या हातात दिली. सिरिंज भरून उजेडात धरली आणि म्हणाले, “बघ, बरोबर हाय का.” मी बघितलं. बरोबर होतं. मी पदर सरकवला, त्यांनी पोटाची चिमूट धरली आणि सुई दिली. मला रडूच फुटलं.

“दुखलं का?” त्यांनी घाबरून विचारलं.

“न्हाई,” मी म्हटलं. “पाट मांडा. सुई घेतल्यावर जेवायला उशीर चालत न्हाई.”